देवीच्या टेकडीवरची पाळी



आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी देवस्थानाच्या उत्सवापेक्षा करमणुकीच्या बागांना अधिक शोभणारा वाटेल. झोपाळ्यावर बसण्याची पाळी आधी राखून ठेवावी की नाही, आणि ठेवावी तर तिने गर्दी आवरते काय, असा तो विषय आहे. परंतु पाळी हा शब्द महाजन कुळांना नवा नाही. अमुक वांगडाची पूजा अमुक दिवशी, पालखीपुढे अमुक घराण्याचा मान, नारळ-विड्याचा क्रम असा, हे सर्व पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. 1933 च्या देवस्थान नियमावलीने महाजनांचे हक्क आणि कर्तव्ये कागदावर बांधली, त्याच्या कितीतरी आधीपासून ही पाळी लोकांच्या स्मरणात पक्की होती. आगाऊ आरक्षण म्हणून आज जे नवलाईने सांगितले जाते, त्याचे मूळ आपल्या सभामंडपात आहे. फरक इतकाच की पूर्वी पाळी शेकडो माणसांची होती आणि आता ती लाखांची झाली आहे. संख्या वाढली की जुना नियम तसाच चालत नाही. त्याचा हिशोब नव्याने मांडावा लागतो.

हा हिशोब मांडण्यासाठी माळव्यातील देवास आणि धार ही दोन गावे घेणे सोयीचे आहे. दोन्ही पवार घराण्याची जुनी संस्थाने, दोन्हीकडे मराठी घरे दोन-अडीच शतके नांदत आली. देवासची कथा तर गमतीची आहे. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन भावांपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने निर्माण झाली, आणि दोघांची राजधानी एकच गाव! एकाच गावात दोन दरबार, दोन खजिने, आणि सरहद्दी एकमेकींत गुंतलेल्या. 1948 साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन होईपर्यंत ही व्यवस्था टिकली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. 1953 साली त्याने तेथील आठवणी प्रसिद्ध केल्या, तेव्हा ग्रंथाला नाव दिले ते गावाच्या माथ्यावरील देवीच्या टेकडीचे. त्याच टेकडीच्या पायथ्याशी पंडित कुमार गंधर्वांनी 1948 पासून 1992 साली देहावसान होईपर्यंत वास्तव्य केले.

या टेकडीवर देवी एक नसून दोन आहेत. तुळजाभवानी ही थोरली माता आणि चामुंडा ही धाकटी माता. दोघी बहिणी, असे लोक मानतात. त्यांच्यात एकदा रुसवा झाला. एक पाताळात जाऊ लागली, दुसरी टेकडी सोडून निघाली. हनुमान आणि भैरव यांनी विनवणी केली, तेव्हा दोघी जेथल्या तेथे थांबल्या, अशी आख्यायिका आहे. म्हणून एकीचे दर्शन घेऊन परतणे अपुरे समजतात. दोघींचे दर्शन आणि त्यासोबत भैरवाचेही घ्यावे लागते. नवरात्रात, चैत्री असो वा शारदीय, माणसांचा लोंढा पायऱ्यांनी, चढाच्या रस्त्याने आणि आता आकाशमार्गी पाळण्यानेही वर जातो, टेकडीला वळसा घालून दोन्ही गाभाऱ्यांपुढून सरकतो आणि खाली उतरतो.

गर्दीचा प्रश्न समजावून घेण्यास याहून चांगले ठिकाण शोधून सापडणार नाही.

समजा, एका गाभाऱ्यापुढे प्रत्येक भाविक तीन सेकंद उभा राहतो. मिनिटाला 20, तासाला 1,200, आणि मंदिर अहोरात्र उघडे ठेवले तरी दिवसाला 28,800 माणसे. तीन समांतर ओळी केल्या तर 86,400. त्या दिवशी एक लाख लोक आले, तर उरलेल्यांना दर्शन मिळणार नाही, मग त्यांच्या हाती टोकन असो वा नसो. उलट, प्रत्येकाने स्वतः नारळ फोडून, ओटी भरून पुढे जायचे ठरवले आणि त्यास दहा सेकंद लागले, तर एका ओळीतून तासाला 360 माणसेच पुढे सरकतील. अर्थात नारळ व ओटी घेण्याची जागा गाभाऱ्यापासून दूर नेणे, या एका साध्या ठरावाने जितके साधते, तितके कोणत्याही यंत्राने साधत नाही.

आता दोन बहिणींचा हिशोब पाहा. समजा, थोरल्या मातेपुढून तासाला 1,200 माणसे सुटतात आणि धाकट्या मातेपुढून 900. मग दर तासाला 300 माणसे या दोन मंदिरांमधल्या वाटेवर साचतात. चार तासांनी तेथे 1,200 माणसे उभी असतील, मागून येणारी ढकलत असतील आणि पुढची सरकत नसतील. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. पण त्यातला नियम कोणत्याही देवळाला लागू पडतो. टेकडीच्या पायथ्याशी माणसे सोडायची ती पहिल्या दाराच्या हिशोबाने नव्हे, तर साऱ्या वाटेत जी जागा सर्वांत अरुंद असेल तिच्या हिशोबाने. वरचे 900 म्हणजे खालचेही 900. बाकीच्यांनी थांबायचे, पण चढावर नव्हे. सपाटीवर, सावलीत, पाण्याजवळ.

रांगेचे हे शास्त्र एका डॅनिश गणितज्ञाने मांडले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग याने 1909 साली टेलिफोनच्या जोडण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किती लोक एकदम बोलू इच्छितील, आणि तारा किती असाव्यात, हा त्याचा प्रश्न होता. त्यातून वाढत गेलेले गणित पुढे बँकांना, इस्पितळांना आणि करमणुकीच्या बागांना लागू झाले.

त्या बागांची गोष्ट येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मुंबईजवळ गोराईची एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झाली आणि 2022 पर्यंत चालली. खोपोलीची इमॅजिका 2013 साली उघडली. मुलांना घेऊन अशा ठिकाणी गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला दोन मिनिटांच्या झोपाळ्यासाठी तासभर उभे राहण्याचा अनुभव आहे. अमेरिकेतील डिस्ने कंपनीने 1999 साली यावर एक युक्ती काढली. पाहुण्याने झोपाळ्याजवळच्या यंत्रातून चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठीवर परत येण्याची वेळ छापलेली असे. तोवर त्याने हिंडावे, खावे, दुसरे काही पाहावे, आणि त्या वेळी येऊन छोट्या रांगेतून आत जावे. ही सोय विनामूल्य होती. लोक खूश झाले.

पण त्या युक्तीत एक खोच होती. समजा, झोपाळ्यात 24 आसने आहेत आणि तासाला 20 फेऱ्या होतात. म्हणजे 480 माणसे. त्यातली 300 आसने चिठ्ठीवाल्यांस दिली, तर साध्या रांगेसाठी 180 उरतात, आणि ती रांग पूर्वीपेक्षा कितीतरी मंद होते. चिठ्ठीने एकही आसन वाढत नाही. कोणी आधी बसावे एवढेच ती ठरवते. शिवाय रांगेतून सुटलेला माणूस नाहीसा होत नाही. तो वाटेवर, दुकानात, उपाहारगृहात जाऊन उभा राहतो आणि तेथे गर्दी करतो. पुढे 2021 साली ती विनामूल्य चिठ्ठी बंद झाली आणि तिच्या जागी पैसे घेऊन द्यायची सोय आली. इमॅजिकातही जादा पैसे मोजणाऱ्यास वेगळी, जलद रांग मिळते. बागेच्या मालकाने असे करावे, यात गैर काही नाही. करमणूक हा त्याचा व्यापार आहे. परंतु देवस्थान हा व्यापार नव्हे. म्हणून बागेतली युक्ती घ्यावी, पण तिच्यासोबत येणारी पैशाची वाट घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

देशातील मोठ्या देवस्थानांनी या युक्तीचा वापर केव्हाच सुरू केला आहे. तिरुपतीला भाविक दालनांतून बसून राहतात आणि दालनामागून दालन सुटते. वेळ नेमून दिलेले टोकन आहे. तीनशे रुपयांचे आगाऊ तिकीटही आहे. देवासच्या शेजारी उज्जैनला महाकालाच्या भस्म आरतीस आधी नाव नोंदवावे लागते, कारण पहाटेच्या त्या आरतीला मावणारी माणसे मोजकी आहेत. जेथे जागा मोजकी आणि वेळ ठरलेली, तेथे आगाऊ नोंदणी उत्तम चालते. भस्म आरती ही झोपाळ्याच्या फेरीसारखी आहे. तिला आरंभ आहे आणि शेवट आहे. नवरात्रातले दर्शन तसे नाही. ते नदीसारखे वाहते. नदीला आसनक्रमांक देता येत नाहीत, तिला फक्त बांध घालता येतो आणि दारे उघडता-मिटता येतात.

तिरुपतीनेच एक कटू धडाही दिला. 8 जानेवारी 2025 रोजी वैकुंठद्वार दर्शनाची टोकने घेण्यासाठी लोक शहरातील केंद्रांवर जमले. टोकने दुसऱ्या दिवशी पहाटे मिळणार होती. माणसे आदल्या संध्याकाळीच येऊन बसली. एका केंद्रावर अस्वस्थ झालेल्या स्त्रीला मदत करण्यासाठी फाटक उघडले, असे नंतर सांगण्यात आले. लोकांना वाटले, टोकन सुरू झाले. त्या रेट्यात सहा माणसे दगावली. डोंगरावरची गर्दी टाळण्यासाठी टोकन काढले होते, आणि गर्दी टोकनाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. मंदिराच्या दारातली रांग जशी राखावी लागते, तशीच पाळी वाटणाऱ्या दारातली रांगही राखावी लागते, आणि पाळी वाटण्याचे काम एका जागी, एका मुहूर्तावर कधीही ठेवू नये, हा त्याचा अर्थ.

देवासला 1974 पासून सरकारी नोटा छापण्याचा कारखाना आहे. प्रत्येक नोटेला तिचा स्वतःचा क्रमांक असतो. टोकन हीदेखील एक प्रकारची हुंडीच होय. ती धरणाऱ्यास देवस्थानाने शब्द दिलेला असतो. जेवढे दर्शन घडवणे शक्य, तेवढीच टोकने काढावीत. त्याहून एक जास्त काढले, तरी तो शब्द खोटा पडतो, आणि शब्द खोटा पडलेला जमाव आवरणे फार कठीण.

आता धारकडे वळू. राजा भोजाची ही नगरी. तेथील भोजशाळेचे स्वरूप काय, हा वाद न्यायालयांपुढे गेलेला आहे आणि त्यावर मत देणे हा येथील हेतू नाही. परंतु वेळेच्या वाटणीचे जे उदाहरण तेथे घडले, ते गर्दीच्या विषयात नोंदवण्याजोगे आहे. 2003 साली पुरातत्त्व खात्याच्या आदेशाने मंगळवारी पूजा आणि शुक्रवारी दुपारी नमाज, अशी वाटणी झाली. वसंत पंचमी शुक्रवारी आली की मोठा पेच पडे. 12 फेब्रुवारी 2016 रोजी तसा योग आला, तेव्हा सूर्योदयापासून दुपारी 12 पर्यंत पूजा, 1 ते 3 नमाज, आणि 3:30 पासून सूर्यास्तापर्यंत पुन्हा पूजा, असे वेळापत्रक ठरवण्यात आले.

या वेळापत्रकात सर्वांत मोलाचा भाग कोणता? 12 ते 1 हा तास आणि 3 ते 3:30 हा अर्धा तास, ज्यांत कोणाचीच पाळी नाही. एक समुदाय बाहेर पडण्यापूर्वी दुसरा आत येऊ नये, यासाठी ती रिकामी वेळ ठेवावी लागते. कामाची वहीखाते ठेवणाऱ्यास रिकामा रकाना म्हणजे वाया गेलेली जागा वाटते. गर्दीच्या वहीत मात्र तोच रकाना माणसांचा जीव वाचवतो. देवळाच्या उत्सवात महापूजा, पालखी, महाप्रसाद एकामागून एक खेटून लावण्याची प्रवृत्ती असते. दोन कार्यक्रमांमध्ये पाऊण तास मोकळा राहिला, तर तो कमीपणा समजू नये.

इतक्या बारकाव्याने बोलण्याचे कारण उघड आहे. 15 जुलै 1996 रोजी सोमवती अमावास्येला उज्जैनच्या महाकाल मंदिरात चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक दगावले. 25 जानेवारी 2005 रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत अडीचशेहून अधिक माणसे गेली. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, त्यावरून माणसे घसरली, पुढे दुकाने पेटली. 13 ऑक्टोबर 2013 रोजी, नवरात्रातल्या नवमीला, मध्य प्रदेशातच दतिया जिल्ह्यातील रतनगढच्या देवीला जाणाऱ्या पुलावर पूल कोसळतो आहे अशी आवई उठली आणि शंभरावर जीव गेले. आणि गोव्यातील कोणाला 3 मे 2025 ची पहाट विसरता येईल? शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत, उतारावरच्या वाटेत, सहा भाविक चेंगरून मृत्यू पावले आणि कितीतरी जखमी झाले. उपवासाचे व्रत पाळून, हाती वेताची काठी घेऊन घरातून निघालेली ती माणसे होती.

या सर्व घटनांत एक साम्य आहे. माणसे श्रद्धेने वेडी झाली म्हणून मेली नाहीत. ती जागेच्या अभावी मेली. जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने 1993 साली लिहिलेल्या निबंधात दाखवले की एका चौरस मीटरमध्ये सुमारे सात माणसे झाली की जमाव पाण्यासारखा वागू लागतो. त्यात कोणाच्याही पायांवर कोणाचा ताबा राहत नाही, मागचा ढकलतो ते त्याला स्वतःलाही कळत नाही, आणि बहुतेक मृत्यू पायाखाली तुडवले जाऊन नव्हे तर उभ्या जागी छाती दबून श्वास कोंडल्याने होतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2014 साली गर्दीच्या नियोजनाची मार्गदर्शिका काढली. तिचाही भर आधीच्या तयारीवर आहे. चौरस मीटरमध्ये चार माणसे झाली, तेव्हाच खालचे फाटक मिटले पाहिजे. सात झाल्यावर मिटलेले फाटक घात करते.

राहिला न्यायाचा प्रश्न. एप्रिल 2025 मध्ये देवासच्या याच टेकडीवर मध्यरात्री मोटारींचा ताफा चढला. मंदिराची दारे बंद झाली होती. ती उघडावीत असा आग्रह झाला, आणि पुजाऱ्याला मारहाण झाल्याच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदला गेला. माणसे कोण होती, हे येथे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की तो पुजारी नियम पाळत होता. नियमाला एका मोटारीसाठी अपवाद केला, की पायरीवर उन्हात उभा असलेला प्रत्येक जण मनात विचारतो, मग माझी पाळी कशासाठी? रांग दोरीने राहत नाही. आपल्या पुढे कोणी घुसणार नाही या भरवशावर ती राहते. तो भरवसा मोडला की दोरी असून नसल्यासारखी.

महाजन कुळांनी ही गोष्ट स्वतःपासून तपासावी, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. मानाची पाळी हा महाजनांचा परंपरागत हक्क आहे आणि तो राहावा. पण मान म्हणजे मोठ्या गर्दीच्या क्षणी नातेवाइकांचा घोळका घेऊन गाभाऱ्यात शिरण्याचा परवाना नव्हे. मानाच्या सेवेस वेळ बांधून द्यावी, शक्यतो पहाटेची; ती सूचनाफलकावर सर्वांना वाचता येईल अशी लिहावी; आणि ती संपली की महाजनाने इतरांसारखे रांगेत उभे राहावे. मोठ्या कुळातली माणसे रांगेत दिसली, तर त्या दिवशी स्वयंसेवकांचे निम्मे काम आपोआप होते.

तसेच, आगाऊ पाळी ज्यांना घेता येत नाही त्यांचा वाटा आधी बाजूला काढून ठेवावा. भ्रमणध्वनीवरून नाव नोंदवणे नातवाला सोपे आहे. खेड्यातून पायी आलेल्या म्हातारीला ते येत नाही. तिने वर्षभर नवस मनात धरला आणि दारात येऊन तिला कळले की आजची टोकने संपली, तर ते देवस्थान कोणाचे राहिले? म्हणून एकूण क्षमतेपैकी मोठा हिस्सा, अर्ध्याहून कमी नव्हे, कागदाविना येणाऱ्यांसाठी मोकळा असावा. वृद्ध, गरोदर स्त्रिया, अपंग आणि लहान मुलांच्या माता यांस वेगळी वाट असावी, आणि ती विनामूल्य असावी.

थोडक्यात, उत्सव समितीने सभेत ठरवायच्या गोष्टी पाच आहेत. वाटेतली सर्वांत अरुंद जागा शोधून तेथून तासाला किती माणसे जातात ते घड्याळ लावून मोजावे. तेवढीच माणसे खालून सोडावीत. येण्याची आणि जाण्याची वाट एकमेकींस कोठेही छेदू देऊ नये. दोन कार्यक्रमांमध्ये रिकामी वेळ ठेवावी. आणि फाटक मिटण्याचा अधिकार एका शांत माणसाकडे द्यावा, ज्याचा शब्द अध्यक्षानेही मोडू नये. याला मोठा खर्च लागत नाही. लागते ते एक घड्याळ, एक वही, आणि नाही म्हणण्याचे धैर्य.

2028 साली उज्जैनला सिंहस्थ भरेल, तेव्हा देवासच्या टेकडीवरही माणसांचा पूर येईल. तेथील व्यवस्थापकांपुढे जो प्रश्न उभा राहील, तोच प्रश्न, लहान प्रमाणात, प्रत्येक जत्रेच्या रात्री प्रत्येक देवस्थान समितीपुढे उभा असतो. दोन बहिणी रुसून निघाल्या असता त्यांना जेथल्या तेथे थांबवणारे कोणीतरी होते, म्हणून ती टेकडी देवीची राहिली, असे आख्यायिका सांगते. जमावालाही वेळेवर, गोड शब्दांनी, थांबा म्हणणारा कोणीतरी हवा. तो महाजनांतूनच उभा राहावा. घरून निघालेला प्रत्येक भाविक दर्शन घेऊन सुखरूप घरी परतावा, हीच देवाची खरी सेवा, आणि ती बुद्धी देव सर्वांस देवो, अशी प्रार्थना करून हे विवेचन येथे पुरे होते.